उल्हासनगरच्या चौकात बसायला जागा का नाही?

उल्हासनगरमध्ये कुणालाही पत्ता विचारा, उत्तर साधारण असं येतं: कॅम्प नंबर तीन, सेक्शन सतरा, बॅरेक नंबर अमुक. पिनकोडसुद्धा कॅम्पच्या क्रमानेच लागलेत, 421001 पासून 421005 पर्यंत. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, पण शहराच्या पत्त्यातून लष्कर काही गेलेलं नाही. आणि इथल्या चौकांची आजची अवस्था समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी तळ उभारला होता. नाव होतं ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे आज आलात, काही दिवस राहिलात, पुढे निघालात. फाळणीनंतर याच बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याचं नाव ठेवलं गेलं उल्हासनगर.

गोची इथेच आहे. आपल्याकडची गावं पार, देऊळ, बाजार यांच्याभोवती वाढतात. तळाला यातलं काहीच लागत नाही. त्याला लागतात रांगेत बराकी, त्यांच्यामध्ये सोडलेलं अंतर आणि सरळ रस्ते. जिथे दोन रस्ते एकमेकांना छेदले, त्याला पुढे आपण ‘चौक’ म्हणायला लागलो. लोकांनी थांबावं, बसावं, भेटावं म्हणून तो कुणी आखलेलाच नव्हता.

बराकींमधलं मोकळं अंतर मात्र होतं. ते भरलं कसं? एकेका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये पडदे. कुटुंब वाढलं की खोली पुढे सरकायची, त्यापुढे शेड, शेडमध्ये शिलाई मशीन किंवा दुकान. याला ‘अतिक्रमण’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सगळं मागे सोडून आलेल्या माणसांनी धंदा उभा केला तो त्याच दहा-पंधरा फुटांत. नंतर मात्र त्यात बिल्डर आले, मजले चढले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, 855 बेकायदा इमारतींचा प्रश्न गाजला आणि 2006 मध्ये फक्त या एका शहरातली बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला.

मग नवीन उद्यानं का बांधत नाहीत?

एक हिशेब करून बघा. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या होती 5,06,098. कमीत कमी दहा चौरस मीटर धरले तरी पाच चौरस किलोमीटर मोकळी जागा लागेल. अख्खं शहर आहे साधारण तेरा चौरस किलोमीटरचं. थोडक्यात, हे होणार नाही. कॅम्प एकमधल्या गोल मैदानासारखी एखादी जागा टिकून राहिली, तेवढीच. बाकी सार्वजनिक म्हणावं असं जे उरलंय ते रस्त्यांवर आणि चौकांमध्ये.

तिथेही कागदाचा घोळ आहे. निर्वासितांना भरपाई देण्यासाठी 1954 मध्ये केंद्राने कायदा केला, त्याखाली मालकीची सनद मिळू लागली. सनदीचं काम प्रांत कार्यालयाकडे, रस्ते-दिवे महापालिकेकडे, आणि महापालिका झाली 1996 मध्ये. एका कोपऱ्याचे दोन-तीन धनी असले की तो कोपरा कुणाचाच नसतो. कचरा तिथेच पडतो, बंद पडलेला टेम्पो तिथेच उभा राहतो.

सुशोभीकरण म्हणजे नवी रचना नव्हे

आपल्याकडे चौक ‘सुधारला’ म्हणजे मधोमध कारंजं, भोवती स्टीलचं कुंपण, ‘आय लव्ह’ची अक्षरं आणि उद्घाटनाचा फलक. पुतळाही असतो, खरं तर सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नका असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच दिलाय. पण गंमत बघा, हे सगळं होतं वाहनांच्या मधल्या बेटावर, जिथे माणूस पोहोचतच नाही. माणसं असतात कडेला: रिक्षाच्या रांगेत, दाल पकवानच्या गाडीपाशी, रस्ता ओलांडायची वाट बघत. खर्च मध्यावर होतो, गरज कडेला असते.

जवळपास याच काळात ॲमस्टरडॅममध्ये उलटं घडलं. युद्धात शहरभर घरांच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या. त्यात छळछावण्यांत नेलेल्या ज्यूंची घरंही होती. 1947 मध्ये पालिकेत काम करणाऱ्या आल्डो व्हॅन आयक या तरुण वास्तुरचनाकाराने एका चौकात मुलांसाठी खेळायची जागा केली. रुंद कठड्याचा वाळूचा हौद, काही लोखंडी दांडे, बसायला बाक. कुंपण नाही. मग इतर वस्त्यांतून पत्रं यायला लागली, आमच्या कोपऱ्यावरही करा. पुढच्या तीसेक वर्षांत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. एकही मोठं उद्यान न बांधता.

नेहरू चौक किंवा शिवाजी चौकात हे कसं दिसेल? आधी फक्त रंग आणि बॅरिकेड लावून वाहनांचं वळण आवळायचं. वळण लहान झालं की गाड्या हळू होतात आणि कोपऱ्यावर जागा सुटते. मुंबईत वांद्र्याच्या एचपी जंक्शनवर असा प्रयोग झालाय. जमलं तर पक्कं बांधकाम, नाहीतर रंग पुसायचा. सुटलेल्या जागेत झाड, कट्टा, पावसाळ्यात पाणी न तुंबणारी फरशी आणि गाड्यांसाठी आखलेली जागा.

गाड्यांसाठी, हो. कारण फेरीवाल्यांना हटवणं हीच पहिली पायरी मानली जाते आणि तिथेच बहुतेक योजना बिघडतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी सर्वेक्षण करायचं असतं. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेते असावे लागतात. शिवाय रात्री नऊला चौकात दिवा आणि वर्दळ असते ती त्यांच्यामुळेच. एकट्याने घरी परतणाऱ्या मुलीला विचारा, कारंजं हवं की भेळवाला.

अंबरनाथ कारखान्यांभोवती वाढलं, तिथे सगळा ताण स्टेशनच्या तोंडाशी आहे. बदलापूरची गोष्ट वेगळी. तिथे अजून नवी संकुलं उठतायत, आणि नियमाने एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सुटतेही, पण सोसायटीच्या गेटच्या आत. बाहेरच्या चौकात रिक्षावाला उन्हातच उभा.

तुमच्या चौकाचं काम निघालं तर माहिती अधिकारात तीन कागद मागता येतात: जागेची मालकी कुणाची, मंजूर नकाशात पादचाऱ्यांना किती रुंदी, आणि पथविक्रेता समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. दहा रुपयांचा अर्ज आहे. काँक्रीट पडायच्या आधी करा.