चिपळूणकर, शुभदा विवेक
भारतीय प्रतिरक्षावैज्ञानिक व कर्करोग संशोधक. मानवी कर्करोगातील गॅमा-डेल्टा टी कोशिकांच्या कार्याविषयीच्या संशोधनाबद्दल विशेष प्रसिद्ध. त्यांचे संशोधन मुख्यत्वे टाटा स्मारक केंद्राच्या मुंबई व नवी मुंबई येथील संशोधन विभागांत झाले. खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ या प्रगत कर्करोग केंद्राच्या त्या संचालक होत्या.

टी कोशिका या शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या कोशिकांपैकी होत. बहुतेक टी कोशिकांचा ग्राही आल्फा व बीटा या प्रथिन शृंखलांचा बनलेला असतो, रक्तातील सु. १ ते १० टक्के टी कोशिकांत तो गॅमा व डेल्टा शृंखलांचा असतो. अनेक अर्बुदे आपल्या पृष्ठभागावरील ऊतक-सुसंगती रेणू कमी करून आल्फा-बीटा कोशिकांना चुकवितात. गॅमा-डेल्टा कोशिकांना अर्बुद ओळखण्यासाठी या रेणूंची गरज नसते. म्हणून त्या अल्पसंख्य असूनही महत्त्वाच्या ठरतात.

तंबाखूच्या सेवनामुळे भारतात तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. या रोगाच्या गॅमा-डेल्टा कोशिका अर्बुद कोशिकांवरील ‘उष्णता-आघात प्रथिन-६०’ ओळखतात, असे चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले. अन्ननलिकेच्या अर्बुदांविषयीचे त्यांचे अशाच स्वरूपाचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. हाडांच्या विकारांवर वापरल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधांची प्रक्रिया केल्यास स्तनाच्या अर्बुद कोशिका गॅमा-डेल्टा कोशिकांकडून सहज नष्ट होतात, हे त्यांच्या २०१० मधील प्रयोगांत दिसून आले. या औषधांमुळे अर्बुद कोशिकेत विशिष्ट फॉस्फेटयुक्त द्रव्य साचते व तेच या कोशिकांना उत्तेजित करते.

तथापि या कोशिका नेहमीच रुग्णाच्या बाजूने लढतात असे नाही. पित्ताशयाच्या कर्करोगावरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात इंटरल्यूकीन-१७ स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा कोशिका अर्बुदाभोवती नव्या रक्तवाहिन्या निर्माण होण्यास साहाय्य करतात असे आढळले. ज्या रुग्णांत या कोशिका अधिक होत्या, त्यांचे आयुर्मान कमी होते.

यावरून केवळ प्रतिरक्षा वाढविणे हा कर्करोगावरील उपाय नव्हे, हे स्पष्ट होते. गॅमा-डेल्टा कोशिकांचा उपचारासाठी वापर करण्यापूर्वी त्यांपैकी कोणता उपप्रकार वाढवावयाचा व कोणता आवरावयाचा, हे ठरविणे आवश्यक असते. [→ कर्करोग, प्रतिरक्षा].