गोळी दाबण्याआधी: साच्यात पूड भरण्याचं शास्त्र

तापावरची गोळी पाकिटातून काढताना कुणी ती तोलून बघत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. ‘इंडियन फार्माकोपिया’च्या नियमानुसार आवरण नसलेल्या २० गोळ्या एकेक करून तोलतात. गोळी २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल, तर सरासरीपासून ५ टक्क्यांहून अधिक फरक जास्तीत जास्त दोन गोळ्यांत चालतो. १० टक्क्यांपलीकडे एकही गोळी गेलेली चालत नाही.

गंमत अशी, की गोळ्या पाडणारं यंत्र पूड तोलतच नाही. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यातला खालचा पंच, म्हणजे दट्ट्या, ठरावीक खोलीपर्यंत उतरतो, वर तयार झालेली पोकळी पुडीनं भरते, जादा पूड पातं निपटून काढतं आणि मग वरचा पंच दाब देतो. मापट्यानं धान्य घेताना ते हलवून भरलं की जास्त मावतं, तसंच इथे होतं. गोळीचं वजन दाबावर नव्हे, भरण्यावर ठरतं.

प्रयोगशाळेत बहुतेकदा पूड हातानंच भरतात. संशोधक पूड तोलून घेतो, छोट्या फनेलमधून डायमध्ये सोडतो, हलकेच टकटक करून पृष्ठभाग सपाट करतो. स्थिर विजेमुळे फनेलला चिकटलेले कण ब्रशनं खाली ढकलतो. नवं औषध जेमतेम काही ग्रॅम हाती असतं, तेव्हा ही पद्धत मोलाची ठरते. आत किती पूड गेली हे नेमकं ठाऊक असल्यामुळे दाब वाढवत नेला की गोळी किती घट्ट होते, हे बिनचूक मोजता येतं.

पण पूड आपणहून वाहते का, हा प्रश्न इथे विचारलाच जात नाही.

कारखान्यात तो टाळता येत नाही. ३० डायचं फिरतं यंत्र मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १,८०० गोळ्या पडतात. भरणीची चौकट वर्तुळाच्या चौथ्या भागावर असली, तर प्रत्येक डायला पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात पूड आत शिरायची आणि आतली हवा त्याच तोंडातून बाहेर पडायची. ब्रिटनमध्ये सिंका, श्नायडर आणि कॉक्स या संशोधकांनी २००४ मध्ये डायवरून सरकत पूड भरणारी पेटी, म्हणजे फीड शू, वापरून हेच मोजलं. एका ठरावीक वेगापुढे शू नेला, की डाय अर्धवट भरतो. प्रत्येक पुडीची ही मर्यादा वेगळी असते. पूड वर असतानाच खालचा पंच उतरवला, तर ओढ निर्माण होऊन भरणी सुधारते. फिरत्या पात्यांचा फीडर पूड आत लोटतो, पण तीच पाती ती घुसळतातही. वंगण म्हणून घातलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट मग कणांवर प्रमाणाबाहेर पसरतं आणि गोळी ठिसूळ होते.

यंत्राऐवजी कणच बदलण्याची वाट पुण्यात चोखाळली गेली. आयबुप्रोफेनचे स्फटिक नीट वाहत नाहीत आणि पंचला चिकटतात. भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत पवार, पराडकर, कदम आणि महाडिक यांच्या गटानं ‘क्रिस्टॅलो-को-अ‍ॅग्लोमरेशन’ हे तंत्र विकसित केलं. त्यात आयबुप्रोफेन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून, दुसऱ्या घन पदार्थाबरोबर पाण्यात ढवळत ठेवतात. द्रावक उडून जाताना स्फटिक आणि दुसरा पदार्थ मिळून गोलसर दाणे बनतात. आयबुप्रोफेन-पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन-टाल्कच्या दाण्यांवरचं त्यांचं काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. गोल दाणा सहज घरंगळतो, त्यामुळे ग्रॅन्युल करण्याची वेगळी पायरी गाळून थेट दाबता येतो.

भरणीची पद्धत बदलली की गोळीही बदलते. म्हणून गोळीच्या मजबुतीचे आकडे देणाऱ्या संशोधनानं डाय हातानं भरला, शूनं की पात्यांच्या फीडरनं, आणि किती वेगानं, हेही सांगायला हवं. पहिल्या काही ग्रॅमांसाठी हातभरणी योग्यच आहे. पूड किलोनं मिळू लागली, की मात्र तीच चाचणी शू आणि फीडर लावून पुन्हा करावी; नाहीतर न वाहणाऱ्या पुडीचा दोष कारखान्यात हजारो गोळ्या पडल्यावर कळतो.