व्हीसीला सिनेमा विकत घ्यायचा नसतो

सप्टेंबर २०२३मध्ये सारेगामाने मुंबईच्या ‘पॉकेट एसेस’ या कंपनीतला ५१.८ टक्के हिस्सा १७४ कोटी रुपयांना घ्यायचं जाहीर केलं. ‘फिल्टरकॉपी’चे छोटे व्हिडिओ, ‘डाइस मीडिया’ची ‘लिटल थिंग्ज’ ही मालिका, हे सगळं याच कंपनीचं. मोबाइलवर मालिका बघणाऱ्या पिढीला ही नावं सांगावी लागत नाहीत. सिक्वॉया, थ्रीवनफोर कॅपिटल अशा नामांकित व्हेंचर कॅपिटल (व्हीसी) फंडांनी तिच्यात पैसे घातले होते. १७४ कोटींचं त्रैराशिक मांडलं तर अख्ख्या कंपनीची किंमत साधारण ३३६ कोटी होते. निर्मात्याच्या नजरेतून हे घवघवीत यश आहे. फंडाच्या नजरेतून मात्र हिशोब वेगळा दिसतो, आणि तो वेगळा का दिसतो हे ज्याला कळलं त्याची गुंतवणूकदार शोधण्याची निम्मी वणवण वाचते.

उदाहरणादाखल पाचशे कोटींचा फंड घेऊ. हा पैसा फंडवाल्यांचा स्वतःचा नसतो. विमा कंपन्या, मोठी उद्योजक घराणी, परदेशी संस्था यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांच्या बोलीवर आणलेला असतो, आणि तो तिपटीने परत यावा अशी त्यांची अपेक्षा असते. फंड वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे घालतो. त्यातल्या बऱ्याच बुडणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक कंपनीकडे बघताना तो एकच प्रश्न विचारतो: ही एकटी आपला सगळा फंड परत करू शकेल का? सुरुवातीला १५ टक्के हिस्सा घेतला, पुढच्या राउंडांमध्ये तो पातळ होत दहावर आला, तर पाचशे कोटी परत यायला कंपनी पाच हजार कोटींची व्हावी लागते. ३३६ कोटींच्या कंपनीत दहा टक्के म्हणजे साडेतेहतीस कोटी. वाईट काहीच नाही, पण फंडाची भूक त्याने भागत नाही.

आता ‘माझ्याकडे तीन उत्तम पटकथा आहेत’ असं सांगत व्हीसीच्या दारात गेलेल्या माणसाला चहा मिळतो आणि चेक का मिळत नाही, हे उघड आहे. सिनेमा चालला तरी पुढचा सिनेमा पुन्हा शून्यापासून करावा लागतो; तोच खर्च, तीच धाकधूक. व्हीसीला असा धंदा हवा असतो की ज्यात पहिला लाख गिऱ्हाईक मिळवायला जेवढे पैसे लागले, त्यापेक्षा दुसरा लाख खूप स्वस्तात पडेल. म्हणून मनोरंजनातला व्हीसीचा पैसा कलाकृतीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या यंत्रणेत जास्त गेलेला दिसतो: तिकीट, ॲप, खेळ, कथांचा साठा.

तिकिटाचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. आशिष हेमराजानी यांनी १९९९मध्ये बिगट्री एंटरटेनमेंट काढली तेव्हा चेस कॅपिटलचा पैसा त्यांना मिळाला. लगेच डॉटकॉमचा फुगा फुटला आणि कंपनीतली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मधली काही वर्षं या कंपनीने थिएटरांना तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर पुरवून दिवस काढले. ‘बुकमायशो’ हे नाव २००७मध्ये आलं, नेटवर्क१८चा पैसाही तेव्हाचाच. पुढे २०१२मध्ये ॲक्सेल आणि २०१८मध्ये टीपीजी आली. सिनेमा पडो की चालो, तिकिटामागचं शुल्क यांना मिळतंच. व्हीसीला मनोरंजनात असलंच काहीतरी आवडतं.

उलट बाजूला ‘टीव्हीएफ’ ही वेबमालिका बनवणारी कंपनी. स्टार्टअपला पैसा शोधणाऱ्या पोरांवरची ‘पिचर्स’ ही त्यांची मालिका २०१५मध्ये गाजली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये टायगर ग्लोबलने खुद्द टीव्हीएफमध्ये एक कोटी डॉलर घातले. पटकथाकाराने लिहिलं असतं तर फार जमवून आणल्यासारखं वाटलं असतं. त्यांचं स्वतःचं ‘टीव्हीएफप्ले’ हे ॲपही होतं. पण ‘पंचायत’ लोकांनी पाहिली ती ॲमेझॉन प्राइमवर, आणि ‘कोटा फॅक्टरी’चा दुसरा भाग नेटफ्लिक्सवर. प्रेक्षक आणण्याची यंत्रणा दुसऱ्यांची राहिली, टीव्हीएफ उत्तम स्टुडिओ झाला. स्टुडिओ म्हणून त्यात कमीपणा काहीच नाही.

नुसत्या पैशाने यंत्रणा उभी राहते असंही नाही. अमेरिकेत जेफ्री कॅट्झेनबर्ग आणि मेग व्हिटमन यांनी ‘क्विबी’साठी १७५ कोटी डॉलर उभे केले. फोनवर दहा मिनिटांच्या आत संपणारे भाग, हॉलिवूडचे बडे चेहरे, काही कार्यक्रमांवर मिनिटाला एक लाख डॉलरपर्यंत खर्च. ६ एप्रिल २०२०ला ॲप सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये दुकान बंद करत असल्याची घोषणा झाली. गंमत म्हणजे आज आपल्याकडे व्हीसी मंडळी ज्यामागे धावताहेत त्या दोन-दोन मिनिटांच्या उभ्या ‘मायक्रोड्रामा’ची कल्पना फार वेगळी नाही. फक्त तो कवडीमोलात बनतो आणि प्रेक्षक कुठल्या भागावर सोडून गेला ते बघून पुढचा लिहिला जातो.

मग दार ठोठावायचं कुणाचं? ज्यांनी या क्षेत्रात आधी पैसे घातले आहेत त्यांचं. मुंबईच्या ब्लूमने बोलीभाषांच्या ‘स्टेज’मध्ये घातले. लाइटस्पीडने शेअरचॅट आणि पॉकेट एफएममध्ये, नेक्ससने कथांच्या ‘प्रतिलिपि’मध्ये. लुमिकाई हा फंड तर गेमिंग आणि त्याच्या आसपासच्याच गोष्टींसाठी निघालेला आहे. पण यादी काढून दोनशे जणांना एकच डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड, मेल करणं म्हणजे निव्वळ वेळ दवडणं. त्या फंडाने तुमच्या स्पर्धकात आधीच पैसे घातले असतील तर तो तुम्हाला भेटेल, तुमचं सगळं ऐकून घेईल आणि पैसे देणार नाही. फंडाने ज्या कंपन्यांना पैसे दिले त्यांच्या संस्थापकांना आधी फोन करावा, त्यातही बंद पडलेल्या कंपन्यांच्या. चालू कंपनीचा माणूस फंडाबद्दल गोडच बोलतो. बंद पडलेल्याचा माणूस खरं सांगतो, आणि बहुतेक वेळा ओळखही तोच करून देतो. आणखी एक: मीटिंगला येणारा हुशार तरुण असोसिएट उत्साही असतो, सही करण्याचा अधिकार पार्टनरला असतो. पार्टनर समोर येईपर्यंत काहीही ठरलेलं नाही असं समजावं.

मनोरंजनात फंडांपेक्षा कामाचा ठरू शकेल असा दुसरा गट आहे, ज्यांचा स्वतःचाच याच्याशी मिळता धंदा आहे असे गुंतवणूकदार. बीजीएमआय हा मोबाइल खेळ काढणाऱ्या क्राफ्टन या कोरियन कंपनीने प्रतिलिपि, कुकू एफएम, नॉडविन गेमिंग अशा कंपन्यांत पैसे घातले. कोरियाच्याच नेव्हरचे पैसे पॉकेट एफएममध्ये आहेत. मोबाइलवर लिहिलेली कथा आधी चित्रमालिका होते, मग ऑडिओ, मग वेबसिरीज, हा प्रवास कोरियन लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे ‘आमच्याकडे हौशी लेखकांच्या लाखो कथा आहेत’ या वाक्याचा अर्थ त्यांना चटकन कळतो. नेव्हरने तर २०२१मध्ये वॉटपॅड हे कथांचं व्यासपीठ ६० कोटी डॉलर मोजून घेतलं. असा एखादा मोठा सौदा डेकमध्ये दाखवता आला की ‘पुढे तुम्हाला विकत कोण घेणार?’ या प्रश्नाला उत्तर मिळतं.

चिनी पैशाचं दार एप्रिल २०२०च्या सरकारी निर्णयाने बरंचसं लागलं. सीमा लागून असलेल्या देशातून गुंतवणूक यायची तर सरकारी मंजुरी सक्तीची झाली. कायदा हा या धंद्यातला अदृश्य भागीदार आहे, आणि तो कुठल्याही एक्सेल शीटमध्ये दिसत नाही. ड्रीम११ची मूळ कंपनी ड्रीम स्पोर्ट्स २०२१च्या नोव्हेंबरात ८०० कोटी डॉलरची मानली गेली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि काही दिवसांत तिचा मुख्य धंदा थांबला. बातम्यांचं पोर्टल काढणाऱ्यांनी तर आधीच जाणून असावं: डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच, तीही सरकारच्या परवानगीने, हा नियम २०१९चा आहे. करमणुकीला ही मर्यादा नाही. म्हणून परदेशी पैसा वापरणारे फंड विनोदी व्हिडिओ बघायला तयार होतात आणि शोधपत्रकारितेचं नाव काढलं की घड्याळाकडे बघतात.

मीटिंगमध्ये विचारलं काय जातं? व्ह्यूज कुणी विचारत नाही. इंदूरच्या विटीफीडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे: फेसबुकवर प्रचंड वाचक होते, २०१८च्या अखेरीस फेसबुकने पानच काढून टाकलं, धंदा संपला. त्याच मंडळींनी पुढे हरियाणवी आणि राजस्थानी बोलींसाठी ‘स्टेज’ काढलं, त्यात नीरज चोप्रानेही पैसे घातले. आता विचारतात ते हे: जानेवारीत ज्यांनी वर्गणी भरली त्यांतले एप्रिलमध्ये किती उरले? समजा एक वर्गणीदार आणायला जाहिरातीवर तीनशे रुपये गेले, तो महिन्याला ९९ भरतो आणि दोन महिन्यांनी निघून जातो. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकामागे शंभरच्या वर तोटा, आणि मिळालेलं फंडिंग हा तोटा अधिक वेगाने करण्याच्याच कामी येणार. हा आकडा स्वतः आधी काढून न्यावा. समोरचा काढतोच.

दुसरी गोष्ट हक्कांची, आणि इथे मराठी निर्माते हमखास अडकतात. आपल्याकडे लेखकाशी, संगीतकाराशी शब्दावर व्यवहार चालतात, फार तर दीड पानाचं पत्र. कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम सांगतं की हक्कांचं हस्तांतरण लेखी हवं, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर तो फक्त भारत. गुंतवणूकदाराचा वकील कागद तपासायला बसला आणि मालिकेच्या लेखकाबरोबरच्या करारात मुदतच नाही असं दिसलं, की ज्या साठ्याच्या जोरावर तुम्ही पन्नास कोटींची किंमत मागत आहात तो पाच वर्षांनी तुमचा राहणार नाही हे त्याला दोन मिनिटांत कळतं. लेखकाची मनधरणी करून तेव्हा नवीन करार करणं महागात जातं. लेखकांच्या बाजूने मला यात गैर काही वाटत नाही. पण करार मुळातच नीट लिहिलेला असावा.

मराठीपुरतं बोलायचं तर ‘फक्त मराठी ओटीटी’ ही कल्पना व्हीसीला विकणं अवघड आहे, आणि दोष भाषेचा नाही. ‘स्टेज’ला पैसा मिळाला तो जिथे त्या बोलीत दुसरं फारसं काही नव्हतंच अशा ठिकाणी. मराठी प्रेक्षकाकडे वाहिन्या आहेत, सिनेमा आहे, जिवंत नाटक आहे, शिवाय हिंदी कळतं. तेलुगूतलं ‘आहा’ आणि बंगालीतलं ‘होईचोई’ उभं राहिलं ते मुख्यतः तिथल्या बड्या चित्रसंस्थांच्या बळावर. एकाच्या मागे अल्लू अरविंद, दुसऱ्याच्या मागे एसव्हीएफ. ‘भाडिपा’ने वेगळी वाट धरली, जाहिरातदार ब्रँडबरोबर काम करत प्रेक्षक जमवला. आणि ज्याला खरोखर सिनेमाच करायचा आहे त्याने गोव्याच्या फिल्म बझारला जावं, सहनिर्माता शोधावा, राज्य सरकारचं अनुदान बघावं, हक्क आधी विकून पाहावेत. १९२९मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर या चौघांच्या जोडीला सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ पैशाचे भागीदार होते. असे सीतारामपंत आजही पुण्यात, सांगलीत, जळगावात आहेत. त्यांना डेक नको असतो, माणूस ओळखीचा लागतो.

डेकवरून आठवलं. धुंडिराज गोविंद फाळके यांनी पैसेवाल्यांना पटवायला भाषण केलं नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ दिवसेंदिवस चित्रित केली आणि बघता बघता रोपटं उगवताना दाखवलं. त्या पैसेवाल्यांपैकी नाडकर्णींनी पैसे दिले, १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दहा स्लाइडपेक्षा चालतं-बोलतं दोन मिनिटांचं काही दाखवा, हे आजही तितकंच लागू पडतं. पुढचा भाग लोक कमी सांगतात. १९१८मध्ये नाशिकला भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि लवकरच मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. ते परतले १९२२मध्ये.

त्या मतभेदांचं आजचं रूप टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात असतं. सगळे किमतीवर भांडतात. वाचायचं असतं ते ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’चं कलम. समजा फंडाने २० कोटी घालून २० टक्के घेतले. कागदावर कंपनी १०० कोटींची, संस्थापक ८० टक्क्यांचे मालक. चार वर्षांनी कंपनी २५ कोटींना विकली गेली. ८० टक्के म्हणजे २० कोटी आपले, असं संस्थापकाला वाटतं. कलमाप्रमाणे फंड आपले २० कोटी आधी उचलतो आणि संस्थापकांच्या वाट्याला पाच येतात. कलमात ‘पार्टिसिपेटिंग’ हा शब्द असेल तर फंड उरलेल्या पाचातही २० टक्के घेतो आणि हाती चार राहतात. यात फसवणूक कुठेच नाही, सगळं सहीच्या कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून सिनेमाचे करार करणारा ओळखीचा वकील या कामाला पुरत नाही. कंपनी कायद्याचा, स्टार्टअपचे व्यवहार केलेला वकील वेगळा लावावा लागतो, आणि त्याची फी राउंडच्या आधी बाजूला काढून ठेवावी लागते, कारण टर्म शीट हातात आल्यावर सही करायला अनेकदा आठवडाच मिळतो.