विरजणाची वेळ

भिंगारमध्ये वाढलेल्या माणसाला नगरच्या किल्ल्याची वाट विचारावी लागत नाही. लहानपणी ती वाट मनात ठसत होती, तेव्हा मेंदूतला हिप्पोकॅम्पस राबत होता. दोन्ही बाजूंना एकेक, समुद्रघोड्यासारखा वळलेला हा भाग. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांचे अपस्माराचे झटके आवरण्यासाठी त्यांचा दोन्हीकडचा बराचसा हिप्पोकॅम्पस काढला गेला. त्यानंतर नव्याने भेटलेलं माणूस त्यांच्या लक्षात राहीना. 1971 मध्ये जॉन ओ'कीफ यांना उंदराच्या याच भागात ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या.

पण हा अवयव मुळात घडतो कसा? या प्रश्नाचा माग मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतला गेला. सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या शुभा टोळे कॅलटेकची पीएचडी आणि शिकागोतलं संशोधन आटोपून 1999 मध्ये इथे आल्या.

गर्भाच्या मेंदूत एक चिंचोळी पट्टी असते, कॉर्टिकल हेम. तिचं काम विरजणासारखं. तिच्यातून रासायनिक संदेश निघतात आणि शेजारच्या पेशी हिप्पोकॅम्पस होऊ लागतात. मग सगळ्याच पेशी विरजण का होत नाहीत? कारण एलएचएक्स-2 हे जनुक त्यांना आवरून धरतं. टोळे यांच्या गटाने उंदराच्या गर्भात काही ठिपक्यांपुरतं हे जनुक काढून टाकलं. प्रत्येक ठिपका हेम बनला आणि त्याच्या कडेने नवा हिप्पोकॅम्पस उभा राहू लागला. एकाच मेंदूत अनेक! 2008 मध्ये हे काम 'सायन्स'मध्ये छापून आलं.

त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळेची गोष्ट. दूध कोमट असतानाच विरजण लागतं. इथेही तसंच. उंदराच्या जेमतेम वीस दिवसांच्या गर्भकाळात साधारण साडेदहाव्या दिवसाआधी जनुक काढलं तरच पेशी हेम होतात. नंतर काढून तसं घडत नाही. पुढे हेच जनुक दुसरं काम हाती घेतं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशीने चेतापेशी व्हायचं की तिला आधार देणारी पेशी, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो, असं याच गटाने 2011 मध्ये दाखवलं.

टोळे यांना 2010 चा भटनागर आणि 2014 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. ओ'कीफ यांचं नोबेलही 2014 चंच. एकाने स्मृतीच्या घरातला नकाशा वाचला, दुसरीने त्या घराचा पाया कसा पडतो ते शोधलं.

उंदरावरून माणसाचं सगळंच सांगता येत नाही. तरी आपलाही हिप्पोकॅम्पस गर्भातच आकार घेतो. किल्ल्याची वाट पोर पुढे चालून शिकतं. ती साठवायची जागा आईच्या पोटात आधीच तयार होऊ लागलेली असते.