आधी मालकाची शाळा

कुत्रा पाळणाऱ्या घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘त्याला सगळं कळतं हो, पण ऐकत नाही!’ मुलांबद्दलही आपण अगदी हेच बोलतो. पण सगळं कळतं म्हणजे नेमकं काय कळतं, आणि ऐकत नाही म्हणजे कुणाचं ऐकत नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

मी काही श्वानतज्ज्ञ नाही. कविता लिहिणारा माणूस. पण लहानपण शेतवस्तीवर गेलं आणि तिथं मोती नावाचा कुत्रा होता. आमच्याकडे कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घ्यायची रीत नव्हती. बऱ्याच मुसलमान घरांत ती नसते. राखणीच्या आणि शिकारीच्या कुत्र्याला मात्र मनाई नव्हती. कुराणातल्या ‘अल-माइदा’ या सूरेत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे, आणि शिकवण्याची ती विद्या माणसाला अल्लानं दिली, असा तिथला भाव आहे. अब्बांनी मोतीला एकच गोष्ट शिकवली होती. ओसरीच्या पायरीखाली बसायचं. त्यासाठी कधी काठी उचलली नाही की आवाज चढवला नाही. घरातलं प्रत्येक माणूस तोच शब्द वापरायचं, तीच खूण करायचं, आणि पायरीवर त्याला कुणी भाकरीचा तुकडा टाकत नसे. शिकवण्याचं निम्मं शास्त्र त्या पायरीत होतं, हे मला पुढं वाचताना उमगलं.

कुत्र्यांच्या स्वभावाचा विचार प्रयोगशाळेत नेणारं मोठं नाव म्हणजे रशियाचे इव्हान पावलोव्ह. त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. घंटा आणि लाळ यांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती फारशी सांगितली जात नाही. शिकवण एकच असली तरी सगळे कुत्रे सारखे शिकत नव्हते. कुणी उतावळा, कुणी शांत, कुणी चपळ, कुणी जात्याच भित्रा. पावलोव्हांनी या स्वभावांचे प्रकार पाडले. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. सगळे वाचले, पण काही कुत्रे महिनोन्‌महिने शिकलेलं विसरून बसले, तर काहींवर फारसा परिणाम झाला नाही. संकट एकच होतं, स्वभाव वेगवेगळे होते.

मग स्वभाव येतो कुठून? आपल्याकडे उत्तर तयार असतं: जातीवरून. लॅब्राडोर गरीब, अल्सेशियन तिखट, पॉमेरेनियन किरकिरं. विक्रेताही हेच सांगतो आणि आपण पिशवीतून साखर आणावी तसा स्वभाव विकत आणतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली गेली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. निष्कर्ष असा, की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. जातीचा अंश असतोच. शिकारी कुत्रं नजरेच्या टापूत काही पळालं की मागं धावणार, बीगल नाक जमिनीला लावून चालणार. पण तुमच्या दारातला कुत्रा भित्रा निघेल की धीट, हे त्याच्या जातीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

जन्मासोबत आलेल्या स्वभावाला आकार मिळतो तो पहिल्या काही आठवड्यांत. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पाच जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला माणसांची आणि जगाची ओळख होण्याचा काळ असतो, असं त्यांना आढळलं. त्या काळात ज्यानं माणूस पाहिलाच नाही, ते पिल्लू पुढं माणसाला बिचकतं. आपल्याकडे एखादं पिल्लू अंधाऱ्या खोलीत किंवा पिंजऱ्यात वाढतं, तीन महिन्यांनी घरात येतं आणि कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली लपतं. मग आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणतो. ते मठ्ठ नसतं. त्यानं कुकर कधी ऐकलेलाच नसतो.

इथवर झालं कुत्र्याचं. आता मालकाकडे वळू.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली एक निराळाच अभ्यास मांडला. मनावर ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि त्याची नोंद केसांत राहते. त्यांनी ५८ कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले. मालकिणीचा दीर्घकाळचा ताण जसा कमीजास्त, तसा कुत्र्याचाही कमीजास्त, असं दिसलं. शिवाय मालकिणीच्या स्वभावाचा कुत्र्याच्या ताणाशी संबंध आढळला. कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावाचा मात्र फारच थोडा. घरातलं वातावरण कुत्रं अक्षरशः अंगावर वागवतं.

म्हणून शिकवण्याआधी आपण कोणत्या स्वभावाचे मालक आहोत, हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. मला आसपास चार प्रकार दिसतात. पहिला तापट. याला एका हाकेत आज्ञापालन हवं असतं. धीट कुत्रा याला पुरून उरतो, भित्रा कुत्रा मोडून पडतो. दुसरा घाबरट. समोरून दुसरा कुत्रा आला की हा पट्टा आवळतो, श्वास रोखतो, आणि कुत्र्याला वाटतं, ज्या अर्थी मालक घाबरला त्या अर्थी धोका आहे. तिसरा लाडोबा. कुत्रं उडी मारतं, हा हसतो. पाहुण्यांवर उडी मारली की ओरडतो. चौथा आरंभशूर. पहिले पंधरा दिवस रोज तासभर शिकवणी, मग महिनाभर काहीच नाही.

यातला कुणीही वाईट माणूस नाही. पण प्रत्येकाला वेगळा अभ्यास लागतो. तापट माणसानं शिकवणी पाच मिनिटांची ठेवावी आणि राग यायच्या आत थांबावं. घाबरट माणसानं आधी मोकळ्या मैदानात, लांब अंतरावरून दुसरे कुत्रे दाखवावेत आणि पट्टा सैल सोडायची स्वतःला सवय लावावी. लाडोबानं लाड जरूर करावेत, पण कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच. आरंभशूरानं शिकवणी रोजच्या कामाला जोडावी: जेवणाआधी बसणं, दार उघडण्याआधी थांबणं. जेवण रोज असतं, म्हणून शिकवणीही रोज होते.

शाबासकी लगेच, एखाद्या क्षणाच्या आत मिळायला हवी. कुत्रं बसलं, आपण डब्यातून बिस्कीट काढेपर्यंत ते उठलं, आणि मग बिस्कीट दिलं, तर शिकवलं काय? उठायला! आणि शब्द एकच हवा. बाबा ‘बस’ म्हणतात, मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘अरे खाली हो ना’ म्हणते आणि आजी टेबलाखालून पोळी देते. अशा घरात ऐकायचं तरी कुणाचं?

‘पण धाक नको का?’ असं विचारलं जातं. धाकाच्या बाजूनं लांडग्यांचा दाखला देतात. कळपात एक नायक असतो, तो दांडगाईनं सगळ्यांना दाबतो, तसंच मालकानं करावं. ही कल्पना मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली तसं लिहिलं आणि अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ते जगभर नेलं. पुढं मेक यांनी कॅनडातल्या एल्समियर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथं पुढारीपण म्हणजे आईबापपण.

आणि शिक्षा केल्यावर कुत्र्याच्या तोंडावर दिसतो तो अपराधी भाव? न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली तोही तपासला. मालकानं मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं तर कधी खोटं सांगितलं. कान पाडणं, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की दिसायचं, मग कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. ज्याला आपण ‘केल्याची जाणीव’ म्हणतो, ती बहुतेक वेळा आपल्या रागाची भीती असते.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर शेजारची हकीकत सांगतो. आमच्या वसाहतीत एका घरी दीड वर्षाचा अल्सेशियन आहे. जिन्यात कुणीही दिसलं की अंगावर धावायचा. एकदा दूधवाल्या पोराच्या बाहीला त्यानं दात लावले. कातडीला लागलं नाही, पण घरात ठरलं, की याला गाडीत घालून लांब हायवेला सोडून यायचं. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार जवळच राहतात. मी त्यांना बोलावून आणलं. दोन संध्याकाळी ते नुसते बसून राहिले. कुत्र्याकडे कमी, घराकडे जास्त पाहत होते. मग म्हणाले, ‘साहेब, जनावर चांगलं आहे. जिन्याचं दार उघडायच्या आधीच तुमचा हात आवळतो, बघा.’

साहेब म्हणाले, ‘अहो हवालदार, तो धावणार हे माहीत असतं ना मला!’

‘तुमचा हात आवळला, की त्यालाही माहीत होतं.’

पुढचे दोन महिने शिकवणी झाली ती साहेबांची. पट्टा कसा धरायचा, दाराशी कसं उभं राहायचं, कुत्रा शांत राहिला की त्याच क्षणी कसं बक्षीस द्यायचं. घरच्यांनी एक शब्द ठरवला. सुरुवातीला जिन्यात नेताना तोंडाला जाळी असे. आजही तो अनोळखी माणसावर भुंकतो, त्याचा पिंडच राखणदाराचा आहे. पण बस म्हटलं की बसतो. हायवेचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो विषय अनेक घरांत निघतो, म्हणून मला हे सांगावंसं वाटलं. जनावर उपाशीतापाशी सोडून देणं हा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याआधीची गोष्ट अशी, की घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. ‘ऐकत नाही’ या दोन शब्दांची किंमत तो जिवानं मोजतो.

तेव्हा, घरात पिल्लू आणायच्या विचारात असाल, तर आधी घरच्यांना बसवून चार प्रश्न विचारा. रोज सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? रागावल्यावर थांबणं कुणाला जमतं? शब्द कोणता वापरायचा? आणि आजीला कोण समजावणार? मग पिल्लू पाहायला जा. चारपाच पिल्लांत थोडा वेळ जमिनीवर बसा. कोणतं धावत येतं, कोणतं कोपऱ्यात थांबतं, टाळी वाजली की दचकून कोणतं पुन्हा लवकर सावरतं, ते पाहा. धावपळीच्या घरानं सावरणारं पिल्लू निवडावं. शांत, धीराच्या माणसानं कोपऱ्यातलं आणलं तरी चालेल. विकतचं हवं असंही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. या कुत्र्यांचा विश्वास मिळवायला खाण्यापेक्षाही मायेनं फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो, असं त्यांना दिसलं.

आणि कुत्रा आधीच घरात असेल, तर आज संध्याकाळी त्याला फिरायला नेताना एकच करा. जिन्याचं दार उघडण्याआधी पट्ट्यावरच्या आपल्या मुठीकडे एकदा पाहा.