सीटबेल्टच्या पोटातली गोळी

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मिस्त्री यांच्यासह मागचे दोघे दगावले. मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर सीटबेल्टवर रकानेच्या रकाने लिहिले गेले, पण सगळा भर दंडावर आणि सक्तीवर. तो पट्टा आपल्याला नेमका धरतो कसा, हे लिहून आणायचं काम संपादकांनी माझ्याकडे दिलं आणि मी पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात जाऊन पोचले.

या पट्ट्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. स्वीडनचे नील्स बोलीन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. १९५८ साली ते व्होल्वोत आले. वैमानिक चार पट्टे आवळून घेईल, पण रोज भाजी आणायला निघालेला माणूस घेणार नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी एकच पट्टा छातीवरून तिरपा आणि कमरेवरून आडवा नेला आणि कुल्ल्याजवळ एका खटक्यात अडकवला. एका हाताने लागेल, एका हाताने निघेल. १९५९मध्ये तो गाड्यांमध्ये आला आणि व्होल्वोने पेटंट सगळ्या कंपन्यांसाठी खुलं ठेवलं. आज जगभर आपण लावतो तो मूळ आराखडा हाच.

बोलीन यांचा पट्टा मात्र हाताने सैल-घट्ट करावा लागे. आजच्या पट्ट्याची खरी अक्कल दाराच्या खांबात दडलेल्या रिळात आहे, आणि मी गॅरेजात रमले ती या रिळापाशीच.

तिथल्या काकांनी बाकावर एक सुटं रीळ ठेवलं. "ओढा," म्हणाले. मी ओढलं, तर पट्टा जागचा हलेना. जाम झालंय म्हटलं. काकांनी रीळ हातात घेऊन गाडीत असतं तसं उभं धरलं. पट्टा सरसर बाहेर आला. जरा कलतं केलं, पुन्हा अडकला. "लोक असं रीळ बिघडलं म्हणून फेकून देतात. ते बिघडलेलं नसतं, ते त्याचं काम करत असतं."

मग त्यांनी बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत उथळ वाटी आणि वाटीत पोलादाची एक गोळी. गाडीचा वेग झपकन कमी झाला की गोळी पुढे सरकते, वाटीच्या कडेवर चढते आणि वरची छोटी पट्टी उचलते. ती पट्टी दातेरी चाकात अडकते. गोळीचं काम एवढंच, इशारा देण्याचं. पुढे माणसाच्या ओढीने स्पूल, म्हणजे पट्टा गुंडाळलेली फिरकी, किंचित फिरतो आणि त्याच फिरण्याने जाड पोलादी दात एकमेकांत बसतात. भार पेलतात ते हे दात. दुसरी राखण चकतीची. पट्टा हिसक्याने ओढला तर स्पूलवरची ही चकती मागे रेंगाळते आणि कुलूप घालते. एक पहारा गाडीवर, दुसरा पट्ट्यावर.

संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमात याची मापं दिलेली आहेत. वेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पटीने घटू लागला की रीळ बंद झालं पाहिजे, आणि तोवर पट्टा ५० मिलिमीटरहून जास्त सुटता कामा नये. रीळ १२ अंशांपर्यंत कललं तर अडकू नये, २७ अंशांच्या पुढे अडकलंच पाहिजे. चाचणीत पट्टा हजारो वेळा आत-बाहेर केला जातो, रिळाला गंज आणि धुळीतूनही काढलं जातं. एवढ्याशा गोळीकडून इतकी अचूक मापं पाळून घेणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

धरून ठेवण्याइतकंच मोजून सोडणंही महत्त्वाचं. नव्या गाड्यांत धडकेच्या क्षणी बारुदाचा छोटा बार उडतो आणि ढिला पट्टा अंगाशी खेचला जातो, हा प्रीटेन्शनर. त्यानंतर छातीवरचा दाब मर्यादेपलीकडे जाऊ लागला, की स्पूलमधला पोलादी दांडा ओलं कापड पिळावं तसा पिळवटतो आणि पट्टा थोडा थोडा सुटतो. त्यामुळे बरगड्या वाचतात, आणि पुढे आलेलं डोकं एअरबॅग झेलते.

शर्यतीच्या हार्नेसचा हिशेब अगदी उलटा आहे. तिथे ढील नाहीच. सहा पॉइंटच्या हार्नेसमध्ये दोन पट्टे खांद्यांवर, दोन कमरेवर, दोन मांड्यांमधून. आधी कमरेचे आवळायचे, ते कुल्ल्याच्या हाडांवर बसले की मगच खांद्यांचे. खांद्यांचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा पोटावर सरकू पाहतो. मांड्यांमधले पट्टे त्याला खाली धरतात. ते नसतील तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो.

धड असं बांधलं की सुटं राहतं फक्त डोकं. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाला झालेल्या इजेने गेले. हेल्मेट खांद्यांशी जोडणारं हॅन्स हे साधन तोवर तयार होतं. रॉबर्ट हबर्ड हे प्राध्यापक आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी ते घडवलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३पासून सक्तीचं झालं. म्हणजे हार्नेस एकटा कधीच नसतो. त्याच्यासोबत बकेट सीट, रोल केज, हेल्मेट आणि हॅन्स असा सगळा संच लागतो.

काळजी इथूनच सुरू होते. साध्या हॅचबॅकमध्ये लाल-निळे चार पॉइंटचे हार्नेस बसवून घेणारी पोरं काकांकडे येतात. मांड्यांमधले पट्टे नसतात. खांद्यांचे पट्टे मागच्या सीटच्या बुडाशी बांधतात, म्हणजे धडकेत ते मणक्याला खाली दाबणार. हे पट्टे सीटवरून मागे जाताना जवळजवळ आडवे राहावेत, फार तर ४५ अंश उतरावेत, असा शर्यतीचा दंडक आहे. गाडी उलटून छत खचलं तर साध्या बेल्टमध्ये माणूस बाजूला कलू शकतो. हार्नेस त्याला ताठ बसवून ठेवतो, आणि वर केज नसतो. काका असं काम घेत नाहीत. "ट्रॅकवर जायचं तर सगळं बसवा. रस्त्यावर कंपनीचाच बेल्ट बरा."

दुसरी चिंता अपघातातल्या गाड्यांची. प्रीटेन्शनर एकदा उडाला, दांडा एकदा पिळवटला, की रीळ संपलं. पट्टा बाहेरून धडधाकट दिसतो, पण त्याचे धागे ताणलेले असतात. तरी भंगारातली रिळं पुसून दुसऱ्या गाडीत बसवली जातात, आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो.

तिसरी, आपली स्वतःची. २०१९पासून बेल्ट न लावण्याला १००० रुपये दंड आहे, पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे. तरी बेल्टचा अलार्म गप्प करायला खटक्यात खोटी क्लिप खुपसली जाते. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती ऑनलाइन बाजारातून काढायला लावल्या. टोचतो म्हणून पट्टा काखेतून घेणं, चिमटा लावून सैल ठेवणं, गरोदर बाईने तो पोटावर बांधणं, हेही रोजचंच. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, हाडावर. तिरपा पट्टा खांद्याच्या मधोमध. पीळ नाही, ढील नाही. एवढं पाळलं तरच रिळातल्या गोळीने दिलेल्या इशाऱ्याचा उपयोग.

पट्टा हिसक्याने ओढून बघा, अडकला पाहिजे. सोडल्यावर रेंगाळत आत जात असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. तेल मात्र घालू नका. कडा विसविशीत झाल्या असतील तर बदला. आणि गाडीला मोठी धडक बसून ती दुरुस्त होऊन आली, की बंपर आणि रंगाच्या आधी बिलात नव्या बेल्टची ओळ शोधा. ती नसेल, तर बेल्ट तपासून लेखी मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नका.