पुतण्याच्या नावावर जमीन आणि काकूचं म्हातारपण

वाळव्यापासून कोरेगावपर्यंत मूलबाळ नसलेल्या जोडप्याला साठीनंतर एकच सल्ला मिळतो : ‘पुतण्याच्या नावावर जमीन करून टाका, तो बघतोय की तुमचं.’ देणारे आपुलकीनेच देतात. तरी सल्ला घातक आहे, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचाच वैताग येतो.

बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी गेली. मग फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, पुढच्या हंगामाचं ऊसबिल पुतण्याच्या खात्यावर पडतं. आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की काकूला त्याच्यापुढे हात पसरावा लागतो. पुतण्या भला असेलही. पण तो अकाली गेला, किंवा त्याने जमीन तारण ठेवली तर?

‘कायदा आहे ना, जमीन परत मिळते,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेपुरतं आहे. अशी अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला मालमत्ता परत मिळवून दिली, तेव्हा तिच्या हाती मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. द्यायचीच असेल, तर ‘हयातभर अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी बघेन’ हे कागदावर यायलाच हवं. त्याहून बरं मृत्युपत्र. दोन साक्षीदार पुरतात, स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, मन बदललं तर तेही बदलता येतं. तोवर जमीन स्वतःच्याच नावावर राहते.

‘पोटचं पोर नाही, मग पोटगी कुणाकडे मागणार?’ पुतण्याकडेच! ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे किंवा जो पुढे वारस म्हणून ती घेणार आहे, अशा सज्ञान, ऐपतदार नातेवाइकावर हाच कायदा ही जबाबदारी टाकतो. असे चौघे असतील तर वारशाच्या प्रमाणात चौघांनी भार उचलायचा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देऊनही.

‘दत्तक घेतला असता तर प्रश्नच नव्हता.’ १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांचा दत्तक कंपनीने नाकारला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं, म्हणून इकडे दत्तकाला वेगळं वजन. पण तो वारस गादीसाठी होता, आजारपणात उशाशी बसण्यासाठी नव्हे.

‘मुलं असली की काळजी मिटते.’ सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्यांचे विटा-आटपाडीकडचे आईबाप याचं उत्तर देतील.

‘कुलमुखत्यारपत्र दिलंय, मागचं तो बघेल.’ देणारा गेला की ते संपतं.

‘बाईचं स्वतःचं माहेरी जातं.’ हिंदू वारसा कायद्यानुसार, मूल नसलेल्या विधवेने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची स्वतःची कमाई पतीच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे. शिक्षिकेने नोकरीभर साठवलेली ठेव शेवटपर्यंत सेवा करणाऱ्या भाचीला द्यायची असेल, तर तसं लिहूनच ठेवावं लागतं.